‘इन्व्हिटेशन’ उघडू नका

माझ्या वडिलांना परिपत्रकं मनापासून आवडायची. हसू नका, खरंच सांगतोय. सरकारी कार्यालयात चौतीस वर्षं काढली त्यांनी. कारकून म्हणून लागले, कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले, आणि एवढ्या वर्षांत वरून आलेला कागद त्यांनी कधी न वाचता बाजूला सारला नाही. कागद आला की आवक नोंदवहीत चढवायचा, त्यावर क्रमांक घालायचा, त्यात सांगितलंय ते करायचं, खालच्या कार्यालयांना प्रती धाडायच्या आणि शेवटी वर कळवायचं: अंमलबजावणी केली. राज्य चालतं ते यावर, असं त्यांचं ठाम मत होतं.

आणि मी कुठे नोकरीला? खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, सपोर्ट विभागात. खराडी तेव्हा नुकती उठत होती. आमच्या काचेच्या इमारतीच्या मागच्या बाजूला अजून उसाचं शेत होतं आणि कॅन्टीनच्या खिडकीतून म्हशी दिसायच्या. माझं काम म्हणजे दिवसभर फोन उचलायचा आणि लोकांना सांगायचं, की तुमचा प्रिंटर बिघडलेला नाही, त्याची वायर निघाली आहे. आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी घाबऱ्याघुबऱ्या फोन करायचं: अमुक नावाचा मेल उघडला तर हार्ड डिस्क जळते म्हणे, खरं का? मी म्हणायचो, नाही हो, खोटं आहे. व्हायरस असतात, पण ते असे आधी वर्दी देऊन येत नाहीत. इतकं साधं आहे हे. पण शिकलेसवरलेले इंजिनियर, दहा-दहा वर्षं प्रोग्रॅम लिहिणारे, असले मेल सगळ्या नातेवाइकांना पाठवायचे आणि वर मला ऐकवायचे, ‘असू दे ना, सावध केलेलं काय वाईट?’ डोक्याला नुसता ताप.

ऑफिसातला ताप एक वेळ परवडला. घरचा नको.

घरी कॉम्प्युटर आला तो काकांमुळे. काका म्हणजे बाबांचे मित्र. नात्याने आमचे कुणी नव्हेत, पण मी जन्मल्यापासून काकाच म्हणत आलो. बाबांच्या कार्यालयात दोघांची टेबलं समोरासमोर होती, तीस वर्षं. जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्रातलं शब्दकोडं दोघं मिळून सोडवायचे. आडवे शब्द बाबांचे, उभे काकांचे, आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकलं की भांडण. तीस वर्षांत एकमेकांना ‘अहो’ सोडून काही म्हणाले नाहीत. निवृत्तीनंतरही रोज सकाळी काका शनिवार पेठेतून आणि बाबा आमच्या बिबवेवाडीहून बसने यायचे आणि नदीकाठच्या बागेत एका बाकावर बसून कोडं सोडवायचे. पाऊस असला तरी छत्री धरून.

मग काकू गेल्या. काकांच्या मुलाने त्यांना अमेरिकेला न्यायचं ठरवलं. शनिवार पेठेतलं राहतं घर विकलं. बाबांना हे अजिबात पटलं नाही. ‘जा,’ ते काकांना म्हणाले, ‘तिकडे तुमच्याशी मराठीत भांडायला कुणी मिळालं तर कळवा.’ आणि निरोपाच्या दिवशी गेले नाहीत. आई किती मागे लागली! ‘अहो, जाऊन या, परत कधी भेट होईल सांगता येत नाही.’ बाबा गॅलरीत बसून राहिले. शेवटी मी एकटाच गेलो. काका माझ्या मागे बघत होते, बाबा जिन्यात कुठे थांबलेत का म्हणून.

सहा महिन्यांनी काकांनी पहिला हात पुढे केला. माझ्या मेलवर त्यांची एक ओळ आली, इंग्रजी अक्षरांत मराठी. ‘वडिलांना सांग, इथे भांडायला कुणी नाही.’ मी ती छापून बाबांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘ते यंत्र घरी आणायला किती दिवस लागतील?’

एकोणसत्तराव्या वर्षी माणूस दोन बोटांनी टाइप करायला शिकला. आणि काय सांगू, मला बरं वाटलं. रोज सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून ते कॉम्प्युटरसमोर बसायचे. बनियनवर पत्रव्यवहार करायचा नाही, हा नियम. बाबांचा मेल म्हणजे ‘विषय’, ‘संदर्भ’, मग मजकूर, मग अडलेले शब्द. काकांचं उत्तर अर्ध्या ओळीचं: ‘उभे सात: तगर. एवढं येत नाही?’ बाबा खूश. आईला वाचून दाखवायचे. निरोपाला न जाण्याविषयी मात्र दोघांपैकी एकानेही कधी अक्षर काढलं नाही. ते तसंच मध्ये पडून होतं आणि बाबांना ते टोचत होतं, हे आईला माहीत होतं आणि मलाही.

हे सगळं छान चालू असताना त्या यंत्रात ते दुसरे मेल येऊ लागले. सावधान. तातडीचे. सर्वांना कळवा.

आता तुम्हीच विचार करा. वरून आलेला कागद पाळण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या हातात असा मेल पडला तर काय होणार? ‘एका मोठ्या कंपनीने काल जाहीर केले आहे.’ बाबांच्या लेखी ते परिपत्रकच. त्यांनी नवी नोंदवही आणली. प्रत्येक मेल छापायचा, क्रमांक घालायचा, त्यात सांगितल्याप्रमाणे करायचं आणि ‘माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारून ओळखीच्या सगळ्यांना पाठवायचा. एकदा असाच मेल आला, की कॉम्प्युटरमध्ये अस्वलाचं चित्र असलेली एक फाइल आहे, तोच व्हायरस, ताबडतोब काढून टाका. बाबांनी शोधली. सापडली! सापडणारच, ती सगळ्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये असते, कंपनीनेच घातलेली. यांनी उडवली आणि आमच्या सोसायटीतल्या अकरा घरांना कळवलं. रविवारी सकाळी सेक्रेटरी दारात हजर. ‘तुमच्या वडिलांनी सांगितलं म्हणून मी काढली, आता माझा जावई म्हणतो ती काढायची नव्हती, तर ती परत बसवून द्या.’ मी अकरा घरं फिरलो. सुट्टीच्या दिवशी, पिशवीत सीडी घेऊन. अकरा!

घरी आलो तो फुटलोच. ‘बाबा, ज्यातलं कळत नाही त्यात हात कशाला घालता? लोक मला हसतात. कॉम्प्युटरवाल्याचा बाप असून...’ वाक्य पुरं करायच्या आधी आईने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी माझ्या ताटाशेजारी बाबांचा एक कागद होता, टाइप केलेला. ‘यापुढे संगणकविषयक कोणत्याही सूचनेवर चि. यांच्या लेखी अभिप्रायाशिवाय कार्यवाही केली जाणार नाही. तोंडी अभिप्राय ग्राह्य धरला जाणार नाही. सूचना अन्य कोणासही पुढे पाठविली जाणार नाही.’ खाली सही, तारीख.

मला हसू आलं आणि हायसंही वाटलं. आणि माणसाने ते पाळलं हो! पुढे दीड वर्ष प्रत्येक मेल माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर यायचा, वर लिहिलेलं, ‘अभिप्रायार्थ सादर’. मी लिहायचो, ‘खोटं आहे.’ ते नोंदवहीत चढवायचे, ‘खोटे. दप्तरी दाखल.’ आठवड्याला दोन-तीन. सुरुवातीला गंमत वाटली, मग कंटाळा आला, मग राग यायला लागला. कामाच्या रगाड्यात फोन वाजतायत आणि मध्येच ‘अभिप्रायार्थ सादर’. पण अकरा घरं फिरण्यापेक्षा ते बरं होतं.

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. आमच्या विभागाच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या स्क्रीनवर मेल उघडा होता. त्यात लिहिलं होतं, की ‘इन्व्हिटेशन’ असा विषय असलेला कुठलाही मेल उघडू नका. ओळखीच्या माणसाकडून आला तरी उघडू नका. न उघडता नष्ट करा, नाहीतर सगळी हार्ड डिस्क जळून जाईल. इतिहासातला सर्वांत घातक व्हायरस. सर्वांना कळवा.

‘हे सगळ्या स्टाफला पाठव,’ साहेब म्हणाले.

‘सर, हे खोटं आहे.’

‘कशावरून?’

मी सांगितलं. चार वर्षांपूर्वी हाच मेल वेगळ्या नावाने फिरत होता, शब्दन् शब्द हाच. विषय वाचून मेल ओळखायचा आणि फेकायचा असं ज्यात सांगितलं असतं, ते नव्वद टक्के बनावट असतं. नुसता मेल उघडून डिस्क जळत नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘वरून आलंय. मला वाद नकोय. उद्या काही झालं तर आपण कळवलं होतं, हे दिसलं पाहिजे. तुझ्या नावाने जाऊ दे, सपोर्टकडून आलं की लोक मानतात.’

मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. त्या दिवशी सकाळपासून सर्व्हर दोनदा बंद पडला होता, जेवण झालं नव्हतं, आणि मला इतका वीट आला होता ना सगळ्याचा, की मी मनात म्हटलं, घ्या! पाहिजे ना तुम्हाला, घ्या. जागेवर जाऊन बसलो, मेल पुढे पाठवायला घेतला, खाली माझं नाव, हुद्दा, कंपनीचं नाव आपोआप आलं. वर आपल्याकडून एक ओळही घातली, ‘कृपया काटेकोर पालन करावे.’ रागाने घातली, उपहासाने. मग पत्त्यांची यादी उघडली, ‘सिलेक्ट ऑल’ केलं आणि बटण दाबलं. आणि तडक कॅन्टीनला गेलो.

त्या यादीत बाबांचा पत्ता होता. असणारच. दीड वर्ष ते मला अभिप्रायार्थ सादर करत होते.

माझ्या हे गावीही नव्हतं. मेल गेला, मी विसरलो. एक मात्र झालं, की त्यानंतर थोड्याच दिवसांत बाबांचं काहीतरी बिनसलं. शर्ट घालून बसायचे, पण लवकर उठायचे. शब्दकोडं अर्धवट पडलेलं. आई म्हणाली, ‘विचार तरी त्यांना.’ एकदा जेवताना तेच म्हणाले, ‘काकांच्या यंत्राला लागण झालेली दिसते. तिसऱ्यांदा आलं. मी कळवलंय त्यांना रीतसर.’

मी टीव्हीवर मॅच बघत होतो. ‘बरं केलंत,’ म्हणालो.

‘तुझ्या सूचनेप्रमाणेच केलं.’

‘हं.’

एवढंच. ‘कुठली सूचना?’ एवढे दोन शब्द विचारले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मॅच होती ना!

डिसेंबर संपत आला होता. आईचा चष्मा बदलायचा होता, म्हणून एका शनिवारी मी शनिवार पेठेत गेलो. काकांच्या पुतण्याचं तिथे चष्म्याचं दुकान आहे, वर त्याचं घर. पन्नाशीचा माणूस, बोलण्यात तिरका. मला पाहून त्याने हातातली काच पुसणं थांबवलं नाही.

‘या. मला वाटलं बिबवेवाडीहून इकडे यायला व्हिसा लागायला लागला की काय.’

‘का हो, काय झालं?’

‘काही नाही. वडील बरे आहेत ना? नाही, आजारी असतील तर आमचीच चूक, आम्ही चौकशी करायला हवी होती.’

‘बाबा ठणठणीत आहेत,’ मी म्हणालो.

‘वाटलंच.’ त्याने चष्मा खाली ठेवला. ‘काका नऊ दिवस होते इथे. वर, माझ्याकडे. मंगळवारी गेले परत.’

मला क्षणभर कळेचना. ‘आपले काका? पुण्यात?’

‘नाही, तुम्हाला माहीतच नव्हतं म्हणा की! पंचाहत्तरी होती त्यांची. त्यासाठी एवढ्या लांबून आले. मुलाने कॉम्प्युटरवर आमंत्रणपत्रिका तयार केली होती, काकांनी स्वतः पाठवली सगळ्यांना. तुमच्या वडिलांना तीनदा. इथेच कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयात जेवण होतं, तीस-पस्तीस पानं. काकांनी पंगत पाऊण तास थांबवून धरली. आचारी वैतागला, लोक घड्याळं बघायला लागले, हे म्हणतात, थांबा, त्यांना दोन बस बदलून यावं लागतं. शेवटी बसले, तर शेजारचं पान कुणाला घेऊ देईनात. वाढलेलं ताट तसंच उचललं.’

मी म्हणालो, ‘अहो, मग एक फोन का नाही केलात?’

‘मी फोन हातात घेतला होता. काका म्हणाले, खबरदार. त्यांनी लेखी कळवलंय. लेखी!’ त्याने ड्रॉवर उघडून एक कागद माझ्यासमोर टाकला. ‘हे घ्या. इथेच ठेवून गेले. म्हणाले, निरोपाला आले नाहीत तेव्हा समजायला हवं होतं मला.’

बाबांचा मेल छापलेला होता. विषय, संदर्भ, सगळं जागच्या जागी. ‘आपणाकडून प्राप्त झालेली तीन पत्रे प्राप्त सूचनेनुसार न उघडता नष्ट करण्यात आली आहेत. आपल्या संगणकातील विषाणूचा बंदोबस्त होईपर्यंत आपण पत्र पाठवू नये, ही विनंती.’ आणखी काही नाही. मित्राला लिहिलेलं एक अक्षर नाही. दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर म्हटलं असतं, म्हातारा घाबरलाय, फोन करून समजावू या. पण काकाही त्याच कार्यालयात वाढलेले. लेखी आलं म्हणजे आलं. त्यांनी ते तीन वेळा वाचलं असेल आणि त्यांना एवढंच दिसलं असेल, की माझी पंचाहत्तरी याने न उघडता फेकली, आणि वर मला विषाणू म्हणाला.

‘प्राप्त सूचनेनुसार’ हे शब्द मी पुन्हा वाचले आणि कागद तिथेच टाकून निघालो. चष्म्याचं राहिलंच. स्कूटर कशी चालवली देव जाणे.

घरी आलो तेव्हा बाबा गॅलरीत होते. मी सरळ त्यांच्या टेबलाकडे गेलो आणि नोंदवही काढली. पानापानांवर ‘खोटे. दप्तरी दाखल.’ नोव्हेंबरात एकच नोंद वेगळी होती, तांबड्या शाईने अधोरेखित केलेली. ‘प्रेषक: चि. विषय: इन्व्हिटेशन. काटेकोर पालन करावे.’ त्यापुढे तीन तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे ‘अंमलबजावणी केली.’ शेजारच्या फायलीत माझा मेल टाचणीला लावलेला. खाली माझं नाव, माझा हुद्दा, कंपनीचं नाव. बाबांनी त्याच्या समासात पेन्सिलने लिहिलं होतं, ‘अभिप्राय मागविण्याची आवश्यकता नाही.’

त्यांना सांगणं भागच होतं. आई कणीक मळत होती, ती तशीच हातांनी बाहेर आली. मी पुतण्याने सांगितलेलं सगळं सांगितलं. पंगत थांबवली होती, तेही सांगितलं. बाबांनी मध्ये एकदाच विचारलं, ‘इथे होते? नऊ दिवस?’ जणू तेवढंच ऐकू आलं होतं.

‘पण सूचनेत स्पष्ट होतं,’ ते म्हणाले. ‘ओळखीच्या माणसाकडून आलं तरी.’

‘बाबा, ती सूचना खोटी होती.’

‘खोटी?’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग, मी अजून विसरलेलो नाही, त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘असू दे. होतं असं. तू तरी कुठे कुठे बघणार! तुला तेव्हा माहीत नसणार.’

मला ‘हो’ म्हणता आलं असतं. आई माझ्याकडे बघत होती. दीड वर्ष त्या माणसाने माझ्या एका शब्दावर विश्वास टाकला होता, आणि आता माझी चूक तो स्वतःच पदरात घेत होता. माझ्याने खोटं बोलवेना.

‘माहीत होतं,’ मी म्हणालो.

त्यांनी हात काढून घेतला. ‘खोटं आहे हे माहीत होतं, आणि तू खाली आपलं नाव घातलंस?’

‘साहेब म्हणाले पाठव. मी सांगितलं होतं त्यांना. ऐकेनात. आणि तुम्हाला पाठवायचं नव्हतं, चुकून गेलं, यादीत तुमचा...’

‘साहेब मलाही बरंच काही म्हणायचे,’ बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. ‘चौतीस वर्षं म्हणत होते.’ आणि उठून आत गेले.

मला त्यांचा राग आला, खरं सांगतो. ओरडायचं होतं, चार शिव्या घालायच्या होत्या. त्या मूर्ख साहेबांचा राग आला, तो मेल पहिल्यांदा लिहिणाऱ्या हरामखोराचा आला, फोन न करणाऱ्या काकांचा आला. लेखी लेखी करत जन्म घालवला दोघांनी! एक फोन नाही! त्या रात्री मी जेवलो नाही. आईने आग्रहही केला नाही.

सकाळी बाबा शर्ट घालून बाहेर आले. मी तोवर मेल लिहून ठेवला होता, काकांना. सगळं खरंखुरं, माझ्या नावाने, माफी मागून. ‘वाचता का? मग पाठवतो.’

‘नको,’ बाबा म्हणाले. ‘फोन लावून दे.’

‘फोन? तुम्ही?’ अमेरिकेला फोनवर बोलणं त्यांना आवडायचं नाही. बोललेलं कुठे राहतं, म्हणायचे. मी नंबर लावला. तिकडे संध्याकाळ असणार. काकांनी उचलला. बाबा उभे राहूनच बोलत होते. रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरायची त्यांना सवय, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

‘मी बोलतोय,’ बाबा म्हणाले. ‘तुमची तिन्ही पत्रं मी फेकली. आमंत्रण होतं हे काल कळलं.’

‘तुम्ही लेखी कळवलं होतं,’ काका म्हणाले. आवाज कोरडाठाक.

‘कळवलं होतं. मूर्खपणा झाला. कुठूनसं एक पत्र आलं, की असे असे मेल उघडू नका, आणि मी धरून बसलो. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. कागद दिसला की मला पुढचं काही दिसत नाही.’

‘अहो, पण घरात एवढा कॉम्प्युटरवाला मुलगा! त्याला विचारायचं तरी.’

मी पुढे झालो. रिसीव्हर घेण्यासाठी हात पुढे केला. बाबांनी दुसऱ्या हाताने मला थांबवलं, माझ्याकडे न बघता.

‘विचारलं होतं,’ बाबा म्हणाले. ‘तो सांगत होता, बाबा, हे खोटं आहे, लक्ष देऊ नका. मीच ऐकलं नाही त्याचं.’

आई देवघरापाशी उभी होती, ती तिथेच खाली बसली. चौतीस वर्षांत ज्याने खोट्या कागदावर सही केली नाही तो माझा बाप आयुष्यात पहिल्यांदा सरळ सरळ खोटं बोलत होता, आणि तेही ज्याच्याशी कधी खोटं बोलला नाही त्या माणसाशी. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

मग काका हसले. मोठ्याने हसले, खोकला येईपर्यंत. ‘गाढव आहात,’ ते म्हणाले. ‘तीस वर्षं सांगतोय, गाढव आहात. अहो, तो त्यातला आहे, त्याचं ऐकत जा!’

‘हो,’ बाबा म्हणाले. ‘ऐकत जाईन.’

मग त्यांनी रिसीव्हर माझ्यासमोर धरला. ‘घे,’ म्हणाले. ‘काकांना तुला शाबासकी द्यायची आहे.’